गच्चीची गळती: पाण्याचा शिरकाव शोधणे आणि बंद करणे

छतावर ओलीचा पहिला डाग दिसला की बहुतेक घरांत थेट गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा थर देण्याचा निर्णय होतो आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या पावसाळ्यात तोच डाग त्याच जागी, बहुधा थोडा मोठा होऊन, परत येतो. दोष मालाचा असतोच असे नाही. पाणी कुठून आत शिरते हे न पाहता सगळ्या गच्चीवर सारखाच हात फिरवला, तर मुळात फारसे काही न बिघडलेल्या सपाट भागावर उत्तम थर बसतो; आणि जिथे दोन वेगवेगळी बांधकामे एकमेकांना भिडतात, म्हणजे कठड्याचा पायथा, पाइपाचे तोंड किंवा टाकीचा ओटा, तिथली फट तशीच राहते. म्हणून या कामात दुरुस्तीपेक्षा शोधाला जास्त वेळ द्यावा.

येथे मुख्यतः पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांत सर्रास आढळणाऱ्या आरसीसी स्लॅबच्या सपाट गच्चीचा विचार केला आहे. कौलारू आणि पत्र्याच्या छपरांबद्दल शेवटाकडे थोडे वेगळे लिहिले आहे.

गच्चीचे थर आणि पाण्याची वाट

घराचा स्लॅब साधारणपणे साडेचार ते सहा इंच जाडीचा असतो आणि बहुतेक ठिकाणी तो समपातळीत ओतलेला असतो. पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी लागणारा उतार त्याच्यावरच्या कोब्यात दिलेला असतो. विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवून, पाइपाकडे हळूहळू उतरत जाणारा जाड थर घालतात, त्यावर सिमेंट घोटून गुळगुळीत करतात आणि ओल्यातच दोरीने चौकडी पाडतात. हा उतार १०० ला १ असावा, म्हणजे ३ मीटर लांबीत किमान ३० मिलिमीटर. कठडा आणि कोबा यांच्या कोपऱ्यात मालाची जी गोलाई भरतात तिला मिस्त्री वाटा म्हणतात.

या रचनेतली एक गोष्ट लक्षात आली की निम्मा घोळ मिटतो. कोब्याच्या पृष्ठभागावरचे पाणी दिसणाऱ्या उताराने जाते, पण एखाद्या भेगेतून कोब्याच्या खाली गेलेले पाणी तो उतार पाळत नाही. ते स्लॅबच्या पाठीवर पसरते, स्लॅब जिथे किंचित लवला आहे तिथे, म्हणजे बहुधा खोलीच्या मध्यावर, साठते आणि काँक्रीटमध्ये जिथे बारीक चीर किंवा सच्छिद्र जागा सापडेल तिथून खाली उतरते. त्यामुळे खाली ज्या ठिकाणी थेंब पडतो त्याच्या बरोबर वर दोष असेल असे धरून चालता येत नाही. प्रत्यक्ष शिरकाव दहा-पंधरा फूट दूर, कठड्याच्या पायथ्याशी असू शकतो. शिवाय एकदा आतून भिजलेला कोबा ओल्या गोधडीसारखा असतो, वरून कडक ऊन पडले तरी तो खाली कितीतरी दिवस पाणी सोडत राहतो.

पाणी पावसाचेच आहे ना?

गच्चीवर चढण्याआधी हा प्रश्न सोडवावा. ओल फेब्रुवारी-मार्चमध्येही तशीच ताजी दिसत असेल, तर पावसाला दोष देण्यात अर्थ नाही. पाणी टाकीतून, टाकीच्या ओव्हरफ्लोतून, सोलर हीटरच्या नळांतून किंवा वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून येत असते. कोरड्या दिवसांत टाकी रात्री ठरावीक खुणेपर्यंत भरून, खाली जाणाऱ्या सगळ्या वाहिन्यांचे व्हॉल्व्ह आणि टाकी भरणारा नळ बंद करून सकाळी पातळी पाहावी. पातळी उतरली असेल तर टाकी किंवा व्हॉल्व्हपर्यंतचे सांधे गळत आहेत. पातळी तशीच राहिली आणि वाहिन्या बंद असताना दोन-तीन दिवसांत ओल सुकू लागली, तर गळती व्हॉल्व्हच्या पुढच्या नळांत आहे.

ओल पावसातच येत असेल तर ती केव्हा येते याची नोंद ठेवावी. पाऊस सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटांतच थेंब पडू लागले आणि पाऊस थांबल्यावर लवकरच थांबले, तर वाट सरळ आणि मोकळी आहे. पाइपाभोवतीची फट, जिन्याच्या खोलीचा सांधा किंवा स्लॅबला आरपार गेलेली चीर यांपैकी काहीतरी असते. याउलट पहिले दोन दिवस काहीच न होता तिसऱ्या दिवशी ओल उमटली आणि उघडीप झाल्यावरही वाढत राहिली, तर कोबा आतून भिजला आहे. ओल फक्त वाऱ्यासकट पाऊस आला तरच येत असेल आणि छताऐवजी पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या भिंतीच्या वरच्या भागात दिसत असेल, तर दोष गच्चीचा नसून बाहेरच्या गिलाव्याचा किंवा कठड्याचा असण्याची शक्यता अधिक, कारण आपल्याकडे मोसमी वारा त्याच बाजूने पाऊस मारतो.

डागही बरेच सांगतात. पिवळसर किनारीची वर्तुळे एकात एक दिसली, तर ती जागा अनेकदा ओली होऊन सुकलेली आहे. पांढरा पिठूळ लोणा म्हणजे पाणी काँक्रीटमधून किंवा गिलाव्यातून क्षार विरघळवत येत आहे. छतातून चुन्यासारखे छोटे पांढरे लोलक लोंबत असतील, तर तीच वाट वर्षानुवर्षे वापरात आहे. तपकिरी गंजाचे डाग मात्र गंभीरपणे घ्यावेत, कारण पाणी सळईपर्यंत पोहोचले आहे. गंजलेली सळई फुगते आणि स्वतःवरचे काँक्रीट उडवून लावते. छताचे पापुद्रे पडून सळई उघडी दिसत असेल, तर पुढचे काहीही करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे; ते काम रंगाऱ्याचे किंवा वॉटरप्रूफिंगवाल्याचे नाही.

पंख्याच्या हुकाशी किंवा दिव्याच्या पॉइंटातून पाणी ठिबकत असेल, तर प्रथम त्या खोलीचा एमसीबी खाली करावा. स्लॅब ओततानाच विजेच्या नळ्या त्याच्या पोटात टाकलेल्या असतात. पाणी त्या नळीत कुठेतरी शिरते, नळीतून वाहत येते आणि जिथे पेटी उघडी असेल तिथे पडते. दिवाणखान्यातल्या पंख्यातून पडणाऱ्या पाण्याचा उगम त्यामुळे शेजारच्या झोपण्याच्या खोलीवर निघू शकतो. असा ठिपका गच्चीवर मोजून शोधण्यात वेळ घालवू नये.

इतर ठिकाणी मात्र मोजमाप घ्यावे. खोलीच्या दोन भिंतींपासून डागाच्या मध्याचे अंतर मोजून कागदावर लिहावे, त्यात भिंतींची जाडी मिळवावी आणि जिन्याची भिंत किंवा बाहेरचा कोपरा आधाराला धरून गच्चीवर त्या जागी खडूने फुली मारावी. डागाच्या कडेभोवती पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घातली, तर वाढ किती आणि कधी झाली हे नंतर भांडणाशिवाय कळते. प्रत्येक मोठ्या पावसानंतर एक छायाचित्र घेतले तरी पुरते.

गच्चीवर काय पाहावे

खडूच्या फुलीपासून सुरुवात करावी, पण नजर आधी तिच्या आसपासच्या सांध्यांवर टाकावी आणि सपाट भाग शेवटी पाहावा.

पावसाच्या पाइपाचे तोंड ही गळतीची सगळ्यात मोठी जागा आहे. पीव्हीसीचा पाइप उन्हाने काँक्रीटच्या पाच-सहा पट प्रसरण पावतो आणि गुळगुळीत असल्यामुळे सिमेंट त्याला नीट धरतही नाही. परिणामी काही वर्षांत पाइप आणि माल यांच्यामध्ये केसाएवढी फट सगळीकडून पडते. तोंडाभोवतीचा कचरा, माती आणि शेवाळ काढून तिथे गुडघ्यावर बसून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. जुन्या पोस्टकार्डाचा कोपरा किंवा पातळ पत्र्याची पट्टी पाइपाच्या कडेने फिरवावी. ती जिथे आत सरकते तिथे पाणीही सरकते. तोंड आजूबाजूच्या कोब्यापेक्षा खाली आहे की वर, तेही पाहावे. अनेक गच्च्यांत मागच्या दुरुस्त्यांचे थर चढत जाऊन पाइपाभोवती एक उंचवटा तयार झालेला असतो आणि पाणी त्याच्या अलीकडे तळे करून बसते.

त्यानंतर कठड्याचा पायथा. वाट्याच्या वरच्या किंवा खालच्या कडेने सलग जाणारी चीर दिसते का, हे पाहावे. दहा मीटर लांबीचा स्लॅब ३० अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे ३ मिलिमीटर लांबतो आणि आखडतो. उन्हाळ्यात गच्चीच्या पृष्ठभागाला पहाट आणि दुपार यांच्यामध्ये एवढा फरक सहज सोसावा लागतो. कठडा त्याच प्रमाणात हलत नाही, म्हणून ताण या कोपऱ्यात येतो. कठड्याच्या माथ्याचा उतार गच्चीच्या बाजूला असावा आणि माथ्यावर आडव्या भेगा नसाव्यात. माथ्यातून शिरलेले पाणी विटांतून खाली उतरून वाट्याच्या मागून स्लॅबवर येते आणि वरून सगळे ठणठणीत दिसत असते. कठड्यात पिंपळ किंवा वड उगवला असेल, तर त्याची मुळे नुसती वरून तोडून उपयोग नाही. आजूबाजूचा गिलावा फोडून मूळ काढावे लागते.

टाकीच्या ओट्यांचे पाय, जिन्याच्या खोलीच्या दाराचा उंबरा, सोलरचे स्टँड, डिश अँटेना, कपड्यांच्या दोरीचे खांब, कधीकाळी मांडवासाठी ठोकलेल्या खुंट्या, हे सगळे तपासावे. कोब्यात भोक पाडून बसवलेला प्रत्येक बोल्ट ही पाण्याला दिलेली वाट आहे. सोलर बसवणारे लोक त्यांच्या कामात तरबेज असतात, पण त्यांना गळतीची काळजी नसते. कोब्याला न भोसकता वेगळ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्टँड बसवण्याचा आग्रह घरमालकानेच धरावा.

मग सपाट भागाकडे वळावे. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने पाणी कुठे साचून राहते तिथे खूण करावी. हातोडीच्या लाकडी दांड्याने किंवा जाड काठीने कोबा फूट-फूट अंतरावर ठोकत जावे. भरीव कोब्याचा आवाज टणक येतो, सुटलेला कोबा बद्द वाजतो. ही पद्धत साधी वाटते, पण कोबा ठेवायचा की काढायचा याचा निकाल बहुतेक वेळा तिनेच लागतो. बद्द वाजणाऱ्या भागाभोवती खडूची रेघ काढत गेल्यास शेवटी गच्चीचा नकाशाच तयार होतो.

पाणी साठवून परीक्षा

नुसत्या नजरेने निर्णय होत नसेल तर कोरड्या दिवसांत, म्हणजे साधारण डिसेंबर ते मे या काळात, पाणी साठवून पाहावे. एक इशारा आधी. चारशे चौरस फुटांच्या गच्चीवर २५ मिलिमीटर पाणी उभे केले, तर त्याचे वजन ९०० किलोंच्या पुढे जाते. धडधाकट स्लॅबला हे काहीच नाही, पण सळया गंजलेल्या आणि काँक्रीट सुटू लागलेल्या जुन्या इमारतीत ही परीक्षा इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नये.

सगळी गच्ची एकदम भरणे ही चूक आहे. एक तर उतारामुळे वरच्या टोकाला पाणी पोहोचेपर्यंत पाइपाजवळ दोन-तीन इंच पाणी होते, आणि दुसरे म्हणजे खाली ओल आलीच तरी ती कोणत्या सांध्यातून आली हे कळत नाही. म्हणून चिकणमातीचे किंवा अगदी कच्च्या सिमेंट-मालाचे छोटे बांध घालून तुकडे पाडावेत. पहिल्यांदा फक्त पाइपाच्या तोंडाभोवती, हातभर रुंदीच्या गोल बांधात पाणी भरावे. पाइपात कापडाचा बोळा पक्का बसवून तो बंद करावा आणि बोळ्याला दोरी बांधून ठेवावी, नाही तर तो आत जाऊन बसतो आणि नवेच काम उभे राहते. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास थांबावे. खाली काही दिसले नाही, तर वाट्याच्या कडेने लांबट बांध घालून तो भाग भरावा, आणि मग मधले तुकडे एकेक करून घ्यावेत. उतारावरून सुरुवात नेहमी खालच्या बाजूने करावी, कारण वरून पाणी सोडले तर ते खालच्या सगळ्या सांध्यांना भिजवत येते.

उन्हाळ्यात पाणी वाफ होऊनही उतरते. त्यासाठी शेजारीच एक परात किंवा रुंद टब बांधाएवढ्याच खोलीचे पाणी भरून ठेवावा. बांधातली पातळी परातीपेक्षा स्पष्टपणे जास्त उतरली, तर खाली अजून डाग दिसत नसला तरी तिथून पाणी आत जात आहे. जाड कोबा पुरता भिजायला वेळ लागतो आणि तोपर्यंत छत कोरडे दिसते. पाण्यात खायचा रंग मिसळून खाली तो उतरतो का हे पाहण्याची पद्धतही प्रचलित आहे, पण कोबा आणि काँक्रीट रंग बऱ्याच अंशी शोषून घेत असल्यामुळे खाली रंग दिसला नाही म्हणून ती जागा निर्दोष ठरत नाही.

कठड्याची आणि भिंतीची परीक्षा पाइपाने पाणी मारून होते. एक माणूस आत छताखाली फोन घेऊन उभा राहतो आणि दुसरा बाहेरून खालून वर, एकेका पट्ट्यावर पंधरा-वीस मिनिटे पाणी सोडत जातो. घाईने वर-खाली फवारा मारला तर काहीच सिद्ध होत नाही.

दुरुस्ती

पाइपाचे तोंड दुरुस्त करताना वरून सिमेंट थापणे किंवा नुसती सीलची कांडी फिरवणे यावर पैसे घालवू नयेत. पाइपाभोवती तीन-चार इंच रुंदीचा कोबा छिन्नीने स्लॅबपर्यंत तासून काढावा, धूळ ब्रशने आणि पाण्याने पूर्ण साफ करावी, पाइपाचा बाहेरचा भाग खरखरीत कागदाने घासावा. उघड्या काँक्रीटवर एसबीआर लॅटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारे द्रव रसायन) मिसळलेली सिमेंटची राळ, म्हणजे पातळ लगदा, ब्रशने लावून ती ओली असतानाच आकुंचन न पावणारे तयार ग्राउट भरावे. पाइपाला लागून सुमारे १० मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल खाच मोकळी ठेवावी, आणि माल सुकल्यावर तिच्यात पॉलियुरेथेन सीलंट भरावे, कारण पाइपाची हालचाल सिमेंट सहन करत नाही, लवचिक सीलंट करते. तोंडाभोवतीचा भाग आजूबाजूपेक्षा १०-१५ मिलिमीटर खाली ठेवावा आणि वर घुमटाच्या आकाराची जाळी बसवावी. सपाट जाळी एका मोठ्या पानानेही बंद होते.

वाटा फुटला असेल तर चिरेवर चीर भरत बसू नये. सुटा भाग काढून कोपरा उघडा करावा, कठड्याच्या गिलाव्याला टाचे मारावेत, म्हणजे छिन्नीने बारीक खाचा पाडाव्यात, राळ लावून एकास तीन मालात लॅटेक्स घालून दोन-तीन इंच त्रिज्येची नवी गोलाई घोटावी. वॉटरप्रूफिंगचा थर या गोलाईवरून कठड्यावर निदान फूटभर चढवून, गिलाव्यात कापलेल्या आडव्या खाचेत त्याची वरची कड दाबून संपवावी. ही खाच न कापता थर नुसता भिंतीवर संपवला, तर दोन उन्हाळ्यांत कड सुटते आणि भिंतीवरून ओघळणारे पाणी थरामागे जाते. गळतीच्या कामांत मी सगळ्यात जास्त वेळा वगळलेली पाहिलेली गोष्ट हीच आहे, आणि मजुरीत तिचा खर्च नगण्य असतो.

सपाट भागातल्या भेगांचे दोन प्रकार करावेत. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीची खूण करून सकाळी आणि दुपारी अंतर मोजावे. अंतर बदलत असेल तर भेग हलती आहे आणि तिच्यात कडक माल टिकणार नाही. दोन्ही प्रकारांत भेग छिन्नीने किंवा कटरने सुमारे १० मिलिमीटर रुंद आणि खोल करून धूळ फुंकून काढावी. हलत्या भेगेत लवचिक सीलंट आणि स्थिर भेगेत लॅटेक्सचा माल भरावा. केसासारख्या, विखुरलेल्या, न हलणाऱ्या भेगांना वेगळे भरण्याची गरज नसते, वरचा थर त्यांना पुरतो.

सांधे आणि भेगा झाल्यावरच सगळ्या पृष्ठभागावरच्या थराचा विचार करावा. तारेच्या ब्रशने शेवाळ, जुना सुटलेला रंग आणि सिमेंटची साय पूर्ण काढावी. कोबा आतून कोरडा आहे का हे पाहण्यासाठी हात-दीड हात लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवावा. सकाळी खालच्या बाजूला थेंब जमलेले दिसले, तर अॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचा थर अजून देऊ नये, तो फुगे धरून सुटतो. सिमेंटमिश्रित दोन घटकांचे थर किंचित दमट पृष्ठभागावर चालतात, उलट त्यांना तो थोडा ओला केलेलाच हवा असतो. मात्र साचलेले पाणी कुठल्याच मालाला चालत नाही. पहिला हात एका दिशेने आणि दुसरा त्याला काटकोनात द्यावा, वाटा आणि पाइपाच्या तोंडाशी पहिल्या हातातच काचतंतूची जाळी दाबून बसवावी. मिश्रणाचे प्रमाण आणि दोन हातांमधला वेळ डब्यावर छापलेला असतो तोच पाळावा. मिस्त्रीच्या अंदाजाने घातलेले जास्तीचे पाणी हे थर फसण्याचे नेहमीचे कारण आहे. एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर करावे, आणि पापड-कुरडयांचा हंगाम असेल तर घरातल्यांशी आधीच बोलून गच्ची आठवडाभर ताब्यात घ्यावी. शेवटचा हात पांढरा असावा असे माझे मत आहे, कारण पृष्ठभाग कमी तापला तर सांध्यांची हालचालही कमी होते.

ठोकून पाहताना गच्चीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग बद्द वाजला, तर वरचे उपचार सोडून द्यावेत आणि कोबा काढून नवा करावा. खर्च वाचवण्यासाठी जुन्या कोब्यावर दुसरा कोबा घालण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो ऐकू नये. चार-साडेचार इंच जाडीचा कोबा चारशे चौरस फुटांवर सात ते आठ टन वजन टाकतो, म्हणजे प्रति चौरस मीटर सुमारे दोनशे किलो. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकांत धरलेला चल भार, म्हणजे माणसे आणि सामान यांचे वजन, दीडशे किलोंचा आहे. वजनाचा प्रश्न सोडला तरी खालचा भिजलेला थर तसाच झाकला जातो. कोबा काढल्यावर स्लॅबची पाठ प्रथमच उघडी दिसते. तिथल्या चिरा भरून, राळ लावून, पाणी साठवून एकदा परीक्षा घेऊन मगच विटा बसवायला सुरुवात करू द्यावी. विटांचे तुकडे आधी पाण्यात भिजवलेले असावेत, त्यांच्यातले सांधे मालाने पूर्ण भरलेले असावेत आणि काम झाल्यावर किमान सात दिवस गच्चीवर पाणी उभे असावे.

भर पावसात गळू लागले तर

जुलैमध्ये पक्की दुरुस्ती होत नाही, हे मान्य करून वेळ काढावा. पाइपाचे तोंड आणि जाळी साफ करणे हा पहिला उपाय, आणि कित्येकदा तेवढ्यानेच गळती निम्म्यावर येते. मग संशयित भागावर जाड ताडपत्री टाकावी. ती कठड्यावरून पलीकडे घेऊन वाळूच्या पिशव्यांनी दाबावी, कोब्यात खिळे मारू नयेत. ताडपत्रीच्या कडेखालून पाणी शिरू नये म्हणून वरच्या बाजूची कड उताराच्या माथ्याच्याही पुढे न्यावी. छत फुगून पाण्याने भरलेले दिसत असेल, तर खाली बादली ठेवून सर्वांत खोल जागी लहानसे भोक पाडावे, नाहीतर गिलाव्याचा मोठा पापुद्रा एकदम खाली येतो. या काळात खालून छताला वॉटरप्रूफ पुट्टी लावणे पूर्ण निरुपयोगी आहे. पाणी तिच्यामागे अडते, स्लॅबमध्येच राहते आणि सळया गंजवते.

खालचे छत रंगवण्याची घाई वरची दुरुस्ती झाल्यावरही करू नये. सुटलेले पोपडे खरवडून, लोणा कोरड्या ब्रशने झाडून छत उघडे ठेवावे. लोणा पाण्याने धुतला तर क्षार पुन्हा आत जातात. एक पूर्ण पावसाळा कोरडा गेल्यावर रंग दिला, तर तो टिकतो.

कौले आणि पत्रे

कोकणातल्या मंगलोरी कौलांच्या छपरात शोध सोपा असतो, कारण दिवसा माळ्यावर दिवा न लावता उभे राहिले की फुटलेल्या किंवा सरकलेल्या कौलातून उजेड दिसतो. पाणी रिपेवरून आणि वाशावरून ओघळत येत असल्यामुळे ओला वासा वर आढ्याच्या दिशेने पाहत जावा. दर उन्हाळ्यात कौले उतरवून, शेवाळ घासून, वाकलेल्या रिपा बदलून घर शाकारले, तर बहुतेक गळती होतच नाही. वानरांनी हलवलेल्या कौलांसाठी मात्र पावसाळ्यातही, उघडीप पाहून, वर जावे लागते. कोन्यांखालचा, म्हणजे आढ्यावरच्या कौलांखालचा, माल सुटला असेल तर तो नव्याने भरावा. ओल्या कौलांवर चढू नये.

पत्र्याच्या छपरात गळती बहुधा स्क्रूच्या भोकातून किंवा जोडातून येते. स्क्रू पन्हाळीच्या माथ्यावर असावा, खोलगटात नसावा, आणि त्याखालचे रबरी वॉशर तडकले असेल तर ते बदलावे. उताराच्या दिशेला दोन पत्र्यांचा जोड निदान सहा इंच एकमेकांवर असावा. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर थेट पाय देऊ नये, आडव्या फळीवरूनच चालावे, आणि त्यांत अॅस्बेस्टॉस असल्यामुळे ते कापू किंवा घासू नयेत.

सोसायटीत राहत असाल तर

गच्चीतून येणारे पावसाचे पाणी ही वरच्या मजल्यावरच्या सदनिकाधारकाची खासगी अडचण नसते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची आणि कठड्याची दुरुस्ती, तसेच गच्चीच्या गळतीमुळे खराब झालेल्या सर्वांत वरच्या मजल्यावरच्या छताचा गिलावा, ही संस्थेच्या खर्चाची कामे आहेत. तक्रार लेखी द्यावी, पेन्सिलीच्या रेघांची आणि तारखांची छायाचित्रे जोडावीत, आणि पोच घ्यावी. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल, तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल पाहूनच वॉटरप्रूफिंगचे कंत्राट काढण्याचा आग्रह धरावा.

कंत्राट देताना क्षेत्रफळाचा दर आणि वर्षांची हमी एवढेच पाहिले जाते. त्याऐवजी पाइपाची तोंडे किती, वाटा किती मीटर, कठड्यावर थर किती उंच आणि खाच कापणार का, हे वेगळ्या ओळींत लिहून घ्यावे. काम झाल्यावर गच्चीवर अठ्ठेचाळीस तास पाणी उभे करून दाखवावे ही अट असावी, आणि रकमेचा एक हिस्सा पहिला पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरअखेरपर्यंत, राखून ठेवावा. हमीपत्रात सांध्यांची गळती वगळली आहे का, हे सही करण्याआधी वाचावे. बऱ्याच हमीपत्रांत नेमकी तीच वगळलेली असते.